बर्फाच्या काठावरची पहिली फुले

इंदुरातील आमच्या घराच्या मागील अंगणात एका कुंडीत ब्रह्मकमळाचे रोप आहे. वर्षातून एखाददुसऱ्या रात्री त्यास बशीएवढे शुभ्र फूल येते. त्या रात्री शेजारपाजारची मंडळी जमतात, फुलास हळदकुंकू वाहिले जाते आणि आटीव दुधाचे पेले फिरतात. अशाच एका रात्री आमचे एक स्नेही, आमच्याच शाळेतून बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे व्याख्याते, खुर्चीत बसल्या बसल्या हसून म्हणाले, "सर, पूजा अवश्य करा, पण हा निवडुंगाच्या कुळातला मेक्सिकोकडचा पाहुणा आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात, सुमारे ३,७०० मीटरांच्या वर, खडकांच्या आडोशाला उगवते आणि श्रावण-भाद्रपदात फुलते."

बोलता बोलता त्यांनी आपल्या तरुणपणीच्या एका प्रवासाची आठवण काढली. चाळीस वर्षांपूर्वी ऐन श्रावणात ते गढवालमधील तुंगनाथास गेले होते आणि तेथील फुलांची एक वही त्यांनी तयार केली होती. दुसऱ्या दिवशी ती वही त्यांनी आम्हांस मुद्दाम दाखविली. प्रत्येक पानावर महिना, ठिकाण, फुलाचे वर्णन आणि शिसपेन्सिलीने काढलेली आकृती. मात्र पहिले पान कोरे होते. वर 'वैशाख-ज्येष्ठ' एवढीच अक्षरे होती.

"ही पहिली फुले मी पाहिलीच नाहीत," ते म्हणाले. "बर्फ हटताच जी उमलतात, ती. पुढल्या उन्हाळ्यात जाऊ, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात जाऊ, असे करता करता जन्म गेला. आता गेलो तरी दिसणार काय?"

त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग निकामी झाला आहे. कडेचे दिसते, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर एखादे चित्र लावले, तर मान तिरपी करून ते थोडेबहुत ओळखू शकतात. पुढे तेही दिसेनासे होईल, असे त्यांस डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या कोऱ्या पानासाठी, आणि तीही उशीर होण्याआधी, छायाचित्रे आणून देण्याचे आम्ही कबूल केले. आमचा विषय मराठी. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध इतकाच की, शाळेच्या बागेतील रोपांना पाणी पडते की नाही यावर लक्ष ठेवणे. तरीही शब्द देऊन बसलो, आणि गेल्या वैशाखात शाळेस सुट्टी लागताच आम्ही उभयतां हिमालयाच्या वाटेस लागलो.

वृक्षरेषेच्या वर

प्रवासाची हकीकत सांगण्यापूर्वी ही फुले जेथे उगवतात त्या भूमीविषयी थोडे सांगितले पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकात 'टुंड्रा' हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला असतो आणि उत्तर ध्रुवाजवळचा एक वृक्षहीन, गारठलेला प्रदेश एवढेच त्याचे चित्र मनात राहते. परंतु थंडी जशी उत्तरेकडे गेल्याने वाढते, तशीच वर चढल्यानेही वाढते. दर हजार मीटर उंचीस हवेचे तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे उंच पर्वतांवर एक मर्यादा अशी येते की, तिच्या वर वृक्षास वाढ साधत नाही. तीच वृक्षरेषा. तिच्या वरच्या भूमीस उंच पर्वतांवरचा टुंड्रा म्हणतात. गढवाली माणूस आपल्या डोंगरांवरील अशा गवताळ उतारांस 'बुग्याल' म्हणतो. तुंगनाथच्या परिसरात ही वृक्षरेषा सुमारे ३,३०० मीटरांवर येते.

तुंगनाथ हे पंचकेदारांपैकी तिसरे स्थान. हिवाळ्यात मंदिर बर्फात असते व देवाची पूजा खाली मक्कूमठ या गावी होते. वैशाखाच्या सुमारास देवाची डोली वाजतगाजत वर येते आणि कपाट उघडते. आपल्याकडील यात्रेकरू बहुधा केदार-बदरी करूनच परततात. त्या वाटेवर अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधवल्याचे आमच्या इंदुरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या मानाने तुंगनाथ आपल्या लोकांस अपरिचित आहे.

हरिद्वारपर्यंत रेल्वे, आणि पुढे ऋषिकेश, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, ऊखीमठ अशा क्रमाने आम्ही मोटारीने चोपता येथे पोहोचलो. ऊखीमठ सोडले की जंगल दाट होते. बुरांसाचा तांबडा बहर खालच्या रानांत संपला होता. वर मात्र अजून काही झाडे पेटल्यासारखी उभी होती. गढवालमध्ये चैत्रसंक्रांतीस 'फूलदेई' नावाचा सण असतो. त्या दिवशी पहाटे लहान मुले घरोघरच्या उंबऱ्यांवर फुले वाहतात. खालच्या गावांत वसंताची सुरुवात अशी चैत्रात होऊन जाते. वर बुग्यालांवर तोच वसंत वैशाख-ज्येष्ठात पोहोचतो. त्यास डोंगर चढावयास दोन महिने लागतात.

पहिला दिवस रिकामा

चोपत्याहून तुंगनाथास दगडी फरसबंदीची वाट जाते. अंतर चार किलोमीटरांच्या आत, पण चढ सतत आहे. प्रथम खरसू नावाचे ओक, मग देवदाराच्या जातभाईंसारखे दिसणारे उंच फर, आणि शेवटी माणसाच्या कमरेएवढी, बर्फाच्या भाराने वाकून आडवी वाढलेली ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे. बुरांसाचेच हे भावंड, पण फुले फिकट जांभळी, जवळजवळ पांढरी. ही झुडपे संपली की एकाएकी आकाश मोकळे होते आणि समोर बुग्याल पसरते.

आम्ही तेथे उभे राहिलो आणि आमचा हिरमोड झाला.

सर्वत्र तपकिरी रंग होता. गेल्या वर्षीचे वाळलेले गवत बर्फाच्या दाबाने चेपून एखाद्या जुन्या सतरंजीसारखे जमिनीस चिकटले होते. फूल म्हणून एकही नाही. आम्ही साताऱ्याजवळील कासचे पठार एका भाद्रपदात पाहिले होते. तेथे नजर टाकावी तेथवर रंगांचे गालिचे. त्याच अपेक्षेने आम्ही या उतारांकडे दिवसभर पाहत राहिलो. वाटेवरील इतर प्रवासीही हेच विचारीत होते की, फुले कोठे आहेत? दुपारी ढग उतरले, गारांचा एक सडाका येऊन गेला, आणि आम्ही मंदिराजवळच्या एका चहाच्या टपरीत ओले होऊन बसलो. तीन दिवसांची मुदत होती. त्यातला एक संपला होता.

टपरी चालविणारी बाई आमच्या मुलीच्या वयाची असेल. कपाट उघडले की ती खालच्या गावाहून वर येते आणि दिवाळीच्या सुमारास ते बंद होईपर्यंत राहते. आमच्या गळ्यातील कॅमेरा आणि चेहऱ्यावरची निराशा पाहून तिने चौकशी केली. आम्ही सांगितले. तेव्हा चुलीत लाकूड सरकवीत ती सहज म्हणाली, "गुरुजी, फुले मैदानात कशाला शोधता? बर्फ काल जिथे होते, तिथे आज पाहा."

तीस वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका पाठ आम्ही क्वचितच दिला असेल.

बर्फाचा काठ

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चंद्रशिलेच्या वाटेवर निघालो. मोकळ्या, उन्हाच्या उतारांकडे न पाहता, उत्तरेकडे तोंड असलेल्या घळींकडे पाहू लागलो. एका घळीत मळकट बर्फाचा लांबट पट्टा उरला होता. त्याच्या खालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. वाटेवरील एका मोठ्या खडकावर बसून आम्ही त्या बर्फाच्या काठाकडे पाहिले, आणि हळूहळू डोळ्यांस दिसू लागले.

बर्फास अगदी लागून काळी, ओली माती होती. तिच्यातून तांबूस अंकुर नुकतेच डोके काढीत होते. तेथून हातभर अंतरावर, पाणी झिरपत होते त्या चिखलात, पिवळ्याधमक, चकचकीत, अनेक पाकळ्यांच्या लहान चकत्या उघडल्या होत्या. हिचे नाव ऑक्सिग्राफिस. तिच्यापासून आणखी दोन हातांवर ट्रॉलिअसची सोनेरी फुले होती. देठ इतका आखूड की फूल जणू जमिनीवर ठेवलेले. त्याच्या शेजारी प्रिम्युला. बुटक्या देठावर फिकट जांभळ्या फुलांचा चेंडू आणि खाली पानांचा लहानसा गुच्छ. आणखी पुढे, जेथून बर्फ हटून बरेच दिवस लोटले असावेत, तेथे पांढरे व निळसर ऍनिमोनी, आणि उन्हाच्या एका उंचवट्यावर कुमाऊँचे नाव धारण करणारी जांभळी, ठिपकेदार आयरिस.

आम्ही आदल्या दिवशी ज्या उतारावर फुलांचा गालिचा शोधीत होतो, तेथे पावसाळी वनस्पती अजून मातीखाली होत्या; आणि या घळीत बर्फापासून दहा-बारा हातांच्या आत एकामागून एक असे आठवडे मांडून ठेवले होते. बर्फाजवळ आजची तिथी, थोडे अलीकडे गेला आठवडा, त्याच्याही अलीकडे गेला पंधरवडा. बर्फ जसजसे मागे सरकते तसतसे हे पंचांगही वर सरकत जाते. म्हणूनच उंच पर्वतांवरील पहिल्या फुलांसाठी तारीख ठरवून जाता येत नाही. बर्फ कोठवर आले आहे याची चौकशी करावी आणि त्याच्या काठाने शोधीत जावे.

हे इतक्या झपाट्याने कसे होते, असा प्रश्न मनात आला. परत आल्यावर आमच्या स्नेह्यांनी तो उलगडून सांगितला. बर्फ हे या वनस्पतींचे पांघरूण आहे. वर हवा शून्याखाली पंधरा अंश असली, तरी जाड बर्फाखालची जमीन शून्याच्याच आसपास राहते. उंचीवरील बऱ्याच वनस्पतींच्या कळ्या गेल्या मोसमातच तयार होऊन मातीच्या पातळीवर निजलेल्या असतात. येथे वाढीचा काळ जेमतेम तीन-चार महिन्यांचा. तेवढ्यात पान, कळी, फूल, बी एवढा संसार नव्याने मांडावयाचा तर वेळ पुरणार नाही. म्हणून कळीचे काम आधीच उरकलेले असते. बर्फाचा थर पातळ झाला की त्यातून उजेड आत झिरपतो, आणि काही वनस्पती तर बर्फाखालीच वाढू लागतात. अंकुरांचा तांबूस रंग प्रखर उन्हापासून कोवळ्या पेशींचे रक्षण करतो. बुटकेपणाचे कारणही सोपे आहे. जमिनीलगत वारा कमी व ऊब अधिक असते. अमेरिकेतील रॉकी पर्वतांत बर्फाकाठीच उगवणारे एक पिवळे फूल दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवीत राहते; त्यामुळे त्याची वाटी सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार होते व थंडीने गारठलेल्या माश्या त्या उबेस येतात. एवढ्या उंचीवर मधमाश्यांपेक्षा माश्यांवरच परागीकरणाची मोठी भिस्त असते.

गुडघ्याखालचे चार अंकुर

आता आमच्या अपराधाची हकीकत सांगावयाची आहे.

ऑक्सिग्राफिस पाहताच आम्ही उतावीळ झालो. ऊन नुकतेच आले होते, फुले पूर्ण उघडली होती, आणि वारा पडला होता. खडकावरून उतरून आम्ही सरळ चिखलात गेलो, एक गुडघा टेकला, शेजारी पिशवी ठेवली आणि छायाचित्रे घेऊ लागलो. पंधरा-वीस घेतली. त्यांतील एक खरोखरच उत्तम आले: पाण्याचा थेंब, पिवळी पाकळी आणि मागे धूसर झालेले बर्फ. समाधानाने उठलो, तेव्हा सौ. वाटेवरून म्हणाल्या, "अहो, जरा खाली बघा."

गुडघ्याच्या खड्ड्यात चार तांबूस अंकुर मोडून पडले होते. पिशवीखाली प्रिम्युलाची एक न उघडलेली कळी चेपली होती. आमच्या बुटांच्या ठशांत पाणी भरू लागले होते.

चार अंकुरांचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. त्या क्षणी आमच्याही मनात तेच आले. परंतु या भूमीचे गणित निराळे आहे. रॉकी पर्वतांतील टुंड्रावर बीट्रिस विलार्ड या विदुषीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस, प्रवाशांच्या पायांनी उजाड झालेल्या जागांना कुंपण घालून त्या पुन्हा कशा भरून येतात याचा अभ्यास आरंभिला आणि पुढे कित्येक वर्षे चालविला. त्यांचा निष्कर्ष असा की, फार तुडविलेला टुंड्रा पूर्ववत होण्यास शेकडो वर्षे लागू शकतात. माती पातळ, उन्हाळा आखूड आणि थंडी दीर्घ. तेथे काही वनस्पतींस पहिले फूल येण्यासच दहा वर्षे लागतात. आमच्या गुडघ्याने मोडलेला अंकुर किती वर्षांचा होता हे सांगण्याची विद्या आमच्याजवळ नाही. तो या वर्षी फुलणार नव्हता एवढे मात्र नक्की होते, आणि त्याचे कारण आम्ही होतो.

आपल्या देशातही या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली आणि तेथे जाणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर दोनशेची मर्यादा घालण्याचा आदेश दिला. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या पुष्पदरीत, म्हणजे 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' येथे, मुक्काम करता येत नाही. नियम आहेत, पण वाटेपासून चार पावलांवर फूल दिसते आणि हातात कॅमेरा असतो, तेव्हा तेथे पहारेकरी कोणी नसतो.

त्या सकाळनंतर आम्ही दोघांनी ठरविले की, पाय फक्त दगडावर किंवा वाटेवर. दगडावरून जे दिसेल तेवढेच आपले.

छायाचित्रणाविषयी थोडेसे

हे बंधन घातल्यावर काम अवघड झाले, पण अशक्य झाले नाही. जे उपयोगी पडले ते येथे नमूद करतो. वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर त्यांस उपयोग होईल.

सौ.नी घरून ज्वारीने भरलेली एक लहान कापडी पिशवी शिवून आणली होती. दगडाच्या कडेवर ती ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकला की हात थरथरत नाही आणि तिवईची गरज पडत नाही. बर्फ चौकटीत असेल तर कॅमेरा फसतो. तो सारा शुभ्र प्रकाश पाहून चित्र काळवंडून टाकतो आणि बर्फ राखाडी उमटते. तेव्हा प्रकाशाचे प्रमाण एका टप्प्याने वाढवावे. उलट चकचकीत पिवळ्या फुलावर ऊन असेल तर ते किंचित कमी करावे, नाही तर पाकळ्यांवरच्या रेषा नाहीशा होऊन नुसता पिवळा डाग उरतो. कडक उन्हात छत्री धरून फुलावर सावली केल्यास रंग खरे येतात. तीच छत्री वाऱ्यासही आडवी धरता येते. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते. दुसरी बॅटरी अंगरख्याच्या आतल्या खिशात, शरीराच्या उबेस ठेवावी. नुसता भ्रमणध्वनी असला तरी हेच सारे लागू पडते.

वेळेचेही भान हवे. पहाटे बरीच फुले मिटलेली असतात. इवलीशी निळी जेन्शियन तर सूर्य ढगाआड गेला की मिटू लागते. ती पाहावयाची असेल तर सकाळचे नऊ ते बारा हाच काळ, कारण दुपारनंतर ढग बहुधा येतातच. एका फुलाची तीन तरी चित्रे घ्यावीत: एक फुलाचे, एक पानांसह पूर्ण रोपाचे, आणि एक जागेचे. नुसत्या पाकळीवरून फूल ओळखणे जाणत्यासही कठीण जाते. आणि प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, उंची व बर्फापासूनचे अंतर टिपून ठेवावे.

या शेवटच्या टिपणाचे महत्त्व आम्हांस प्रथम कळले नव्हते. हिमालयाचे तपमान वाढत आहे आणि बुरांस काही वर्षी जानेवारीतच फुलल्याच्या बातम्या येतात. बर्फ लवकर वितळले तर फुले लवकर येतात, आणि मग उशिराच्या हिमवृष्टीत सापडून करपतात किंवा परागीकरण करणारे कीटक बाहेर पडण्यापूर्वीच संपून जातात. अमुक फूल अमुक ठिकाणी अमुक तारखेस उमलले होते, हे लिहून ठेवलेले असेल तरच पुढच्या पिढीस बदल मोजता येईल. हेमवतीनंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाच्या उच्चस्थलीय वनस्पती संशोधन केंद्राचे एक ठाणे तुंगनाथास आहे, आणि तेथे अशा नोंदी शास्त्रीय रीतीने होतात. हौशी माणसाचे तारीखवार छायाचित्र त्या मानाने लहान. पण तारखेविना असलेल्या सुंदर चित्रापेक्षा ते अधिक कामाचे.

पंधरा पावले

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच घळीकडे गेलो. आमच्या स्नेह्यांची एक विशेष मागणी होती: बर्फ आणि प्रिम्युला एकाच चित्रात. चंद्रशिलेच्या अंगास, घळीच्या पलीकडच्या बाजूस, ती आम्हांस दिसली. बर्फाच्या तोंडाशी सात-आठ प्रिम्युलांचा एक पुंजका, पूर्ण फुललेला. आणि मागे त्याच क्षणी ढग फाटून चौखंबा शिखर उघडे पडले. कोणाही छायाचित्रकाराने स्वप्नात पाहावे असे ते दृश्य होते.

आमच्या खडकापासून तेथवर पंधरा पावले होती. मध्ये सारी ओली काळी माती, आणि तिच्यात बोटाबोटाच्या अंतरावर तांबूस अंकुर. पाय ठेवण्यास एकही दगड नव्हता. उजवीकडून वळसा घालावा तर बर्फ. आणि खालून पोकळ झालेल्या बर्फावर पाय देणे म्हणजे जिवाशी खेळ. पुष्पदरीत फुले गोळा करण्यासाठी आलेल्या जोन मार्गारेट लेग या विदुषी १९३९ साली उतारावरून घसरून मृत्यू पावल्या, त्यांची समाधी तेथे आहे, हे आमच्या ध्यानात होते.

आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो. मनात खरोखरच द्वंद्व चालले होते. हे चित्र आम्हांस स्वतःसाठी नको होते. ज्यांच्यासाठी हवे होते त्यांची दृष्टी पुढच्या वैशाखापर्यंत टिकेल याची शाश्वती नव्हती. पंधरा पावले जाताना आणि पंधरा येताना. फार तर तीस ठसे. आम्ही सौ.कडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी ज्वारीची पिशवी खडकावर नीट ठेवली आणि छत्री उघडली. ढग पुन्हा मिटेपर्यंत, त्या खडकावरूनच, आम्ही सहा चित्रे घेतली. त्यांत बर्फ आहे, चौखंबा आहे, आणि मध्ये प्रिम्युलाचा पुंजका अंगठ्याच्या नखाएवढा आहे.

उतरताना एक मोनाल पक्षी, मोरासारखे रंग अंगावर घेऊन, आमच्या पुढून खाली झेपावला. टपरीवाल्या बाईंचा निरोप घेतला. "मिळाली का फुले?" त्यांनी विचारले. "मिळाली," आम्ही म्हणालो, आणि ते बव्हंशी खरे होते.

परतल्यावर

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी स्नेह्यांस बोलावले. दूरदर्शन संचाच्या पडद्यावर एकेक चित्र लावले. मान तिरपी करून, पडद्यापासून हातभर अंतरावर बसून ते पाहत होते. ऑक्सिग्राफिसचे ते उत्तम चित्र आले तेव्हा त्यांनी पडद्यावरच बोट ठेवून पाकळ्या मोजल्या. ऍनिमोनी, आयरिस, ट्रॉलिअस. नाव आम्ही सांगण्यापूर्वी ते सांगत होते. मग प्रिम्युला आली.

"सर, ही फार लांबून घेतली," ते म्हणाले. "मला नुसता जांभळा ठिपका दिसतो."

आम्ही सारे सांगितले. पंधरा पावले, मधली माती, तांबूस अंकुर. आणि लपवावेसे वाटले तरी त्या उत्तम चित्राची किंमतही सांगितली. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. आमच्या मनात आले की, त्यांची निराशा झाली आहे, आणि ती होणे योग्यच आहे.

मग त्यांनी वही मागितली. "मला लिहिता येत नाही आता. तुम्ही लिहा," असे म्हणून ते सांगू लागले. 'वैशाख-ज्येष्ठ' या अक्षरांखाली आमच्या हातून त्यांनी तारखा लिहवून घेतल्या, ठिकाण, उंची, फुलांची नावे, आणि शेवटी प्रिम्युला. तिच्यापुढे त्यांनी लिहावयास सांगितले: 'पंधरा पावलांवरून पाहिली. जवळ गेलो नाही.'

आम्ही वही मिटू लागलो तेव्हा त्यांनी हात धरला.

"ऑक्सिग्राफिसच्या पुढे पण लिहा," ते म्हणाले. "गुडघ्याखाली चार अंकुर मोडले. एक कळी चेपली. नोंद म्हणजे सगळीच नोंद."

तेही आम्ही लिहिले. पान आता भरले आहे.